तीन महिन्यांचं मार्जिन

ती. आत्येस,

साष्टांग नमस्कार (साष्टांग सध्या जमत नाही, पोट आधी टेकतं आणि बाकीची सात अंगं हवेत राहतात, तेव्हा हा उभ्याउभ्याच घे). तुझे गुडघे कसे आहेत? काकांचा खोकला गेला, की अजून फोन उचलल्यावर तुझ्याआधी तोच बोलतो? आम्ही दोघं इकडे खुशाल आहोत. तिसरं माणूस जरा जास्तच खुशाल आहे, सकाळी टपाल लावायला बसले की न चुकता लाथा मारतं.

आईने तुला फोनवर जे सांगितलं ते सगळं खोटं नाही, फक्त क्रम उलटसुलट झाला आहे. मी साहेबांशी भांडले हे खरं. जिन्यात माझी पॅन्ट सुटली हेही खरं. पण साहेबांशी भांडता भांडता पॅन्ट सुटली असं जे तिच्या सांगण्यातून निघतं ते साफ चूक आहे, आणि आतापर्यंत ते किती नातेवाइकांपर्यंत पोचलं असेल या विचारानेच मला घाम फुटतो. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते. तुला वाटेल त्याला वाचून दाखव.

पाचवा महिना लागला आणि माझ्या करड्या पॅन्टचं बटण आणि काज यांनी एकमेकांचं तोंड बघणं सोडलं. आमच्या ऑफिसात दुसरं काही असो नसो, रबरबँड पोत्याने असतात (पत्रांचे गठ्ठे बांधायला). एक रबरबँड काजातून ओवायचा, बटणाला अडकवायचा, वरून शर्ट सोडायचा, झालं. या युक्तीवर मी पाच आठवडे काढले. मग एका सोमवारी तिसऱ्या मजल्यावरच्या हेडबाईंकडे रजिस्टर पत्र घेऊन गेले. हेडबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, छत्तीस वर्षं शाळा चालवलेली बाई. त्या दारात सही करत होत्या, मी जिन्यात, माझ्या एका हातात वही, दुसऱ्यात पिशवी, आणि टप्प करून रबरबँड तुटला, तो उडून त्यांच्या कुंडीत पडला आणि पॅन्ट आपल्या वाटेने खाली निघाली. मी गुडघे जुळवून तिला मध्येच अडवली. हेडबाईंनी सही पुरी केली, खाली तारीख घातली, वेळ घातली, पेनाला टोपण लावलं आणि मग म्हणाल्या, "पॅन्ट." जणू वर्गात माझा शब्द चुकला होता. गॅलरीतल्या दोरीवरचे चार चिमटे काढून त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्या कमरेला लावले, दोन लाल, दोन हिरवे. मी ओल्या चादरीसारखी तशीच उरलेल्या अकरा इमारती वाटून आले. एकही पत्र परत आणलं नाही, हे मुद्दाम लिहिते, कारण आई ते गाळते.

साहेबांनी नेमके चिमटे पाहिले. आमचे साहेब तसे वाईट नाहीत, पण नियमाचं पुस्तक उशाला घेऊन झोपत असावेत. ते म्हणाले, "पूर्ण गणवेश नसेल तर बाहेर पाठवता येत नाही. आजपासून रजेवर जा, नाहीतर आत बसून शिक्के मारा."

मी म्हटलं, "मग मोठी पॅन्ट द्या."

त्यांनी मागणीचा फॉर्म काढला. लहान, मध्यम, मोठी. मोठी म्हणजे आमच्या गाडीच्या ड्रायव्हरची, तिच्यात माझा एकेक पाय दोनदा मावला असता आणि पोट तरीही बाहेरच राहिलं असतं. "शेरा" या रकान्यात मी "गरोदर" लिहिलं. साहेबांनी ते खोडलं, म्हणाले हा मापाचा प्रकार नाही.

आता यात मी हट्ट का धरला ते ऐक, आई म्हणते तसा डोक्यात राख घालून नाही. रजा मोजून मिळते. सहाव्या महिन्यात ती सुरू केली तर बाळ जेमतेम मान धरायला शिकेल तेव्हा संपेल, आणि मी त्याला कुणाच्या तरी हातात देऊन परत जिने चढायला लागेन. तो एकेक दिवस मला नंतर हवा आहे, आत्ता घरात बसून भिंती बघायला नको. शिक्क्यांची खोली म्हणजे खिडकी नाही, डिंकाचा वास, आणि पाठ नसलेलं उंच स्टूल. डॉक्टरीणबाईंनी तर सांगितलं आहे, चाला, फक्त जड उचलू नका आणि दमलात की बसा. पिशवी अर्धी करून दोन फेऱ्या करायचं मी तेव्हाच ठरवलं होतं. म्हणजे चालायला सगळं तयार होतं, आडवी येत होती ती फक्त पॅन्ट. पॅन्टमुळे मी माझ्या बाळाचे तीन महिने सोडणार नव्हते. साहेबांकडून मी आठ दिवस मागून घेतले.

आधी दुकानात गेले. तिथे गरोदर बायकांच्या कपड्यांचा वेगळा कोपरा आहे, आणि तिथल्या प्रत्येक कपड्यावर बरोबर पोटावर रिबिनीची गाठ. मी विचारलं ही कशाला? विकणारी मुलगी म्हणाली, म्हणजे गरोदर आहात हे लोकांना कळतं. (हे कळायला लोकांना रिबीन लागते?) एकालाही खिसा नव्हता.

मग तू पाठवलेला झगा. आत्या, रागावू नकोस. तुझा लिंबू रंगाचा झगा इतका सुंदर आहे की तुझे जावई तो उघडल्यावर आधी हात धुऊन आले, आणि ते कसे आहेत तुला माहीत आहे. रविवारी मी तो घातला. मागचे अठरा हूक त्यांनी एकेक करून लावले. बसायला गेले तर झगा म्हणाला उभी राहा. त्यातच, मला आता दर वीस मिनिटांनी मोरीकडे धावावं लागतं, ती वीस मिनिटं हूक लावण्यातच संपली होती. काढताना सातवा हूक अडला. जावई घाबरले की हसतात. मी रडायच्या बेतात, ते हसतायत, शेवटी पक्कड आली. झगा वाचला, मीही वाचले, पण कशी ते विचारू नकोस. तो मी घडी करून ठेवला आहे. उभं राहून फोटो काढायचा असेल त्या दिवशी नक्की घालीन.

राहिले माझ्या बीटावरचे (म्हणजे माझ्या वाटपाच्या हद्दीतले) शिंपीकाका. चाळीस वर्षं पुरुषांचे कोट शिवतात, बाईच्या कपड्याला कधी हात लावलेला नाही. त्यांनी टेपचं एक टोक माझ्याकडे दिलं, दुसरं स्वतः धरून ते दुकानाच्या दारापर्यंत मागे गेले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "तूच गुंडाळ आणि आकडा सांग." सांगितला. त्यांनी विचारलं, "मार्जिन किती ठेवू? अर्धा इंच?"

"तीन महिन्यांचं ठेवा," मी म्हटलं.

तेव्हा कुठे ते वळून माझ्याकडे बघायला लागले आणि मग कामाला लागले. पॅन्टचा पुढचा भाग अर्धचंद्रासारखा कापला आणि तिथे ताणणाऱ्या कापडाचा रुंद पट्टा लावला, थेट बेंबीच्या वर येणारा. पहिला पट्टा गुळगुळीत कापडाचा निघाला, दर जिन्याला त्याची सुरळी होऊन तो पोटाखाली जाऊन बसायचा. दुसरा मऊ सुती केला, तो राहिला. शर्टाला दोन्ही बाजूंनी कळ्या घातल्या, छातीवरचा खिसा खाली आणला (पेन टोचायचं). खांद्यावरची आडवी पिशवी सोडून दोन पट्ट्यांची घेतली. बूट एक नंबर मोठे आणि विनालेसचे, कारण लेस बांधायला वाकता येत नाही आणि सुटली तर मला दिसतही नाही. आतले कपडेसुद्धा मी बदलले, रुंद पट्ट्यांचे, सुती, तार नसलेले. ही गोष्ट मला आजवर एकाही बाईने का सांगितली नाही? तूसुद्धा नाही! सगळ्याजणी मला काय खायचं ते सांगत होत्या आणि मी दोन महिने ती तार बरगड्यांत घेऊन हिंडत होते.

नवव्या दिवशी मी साहेबांसमोर उभी राहिले. ते माझ्याभोवती एक प्रदक्षिणा घालून आले. "रंग?" तोच. "बटणं?" तीच. "बिल्ला?" आहे. मग त्यांनी पट्ट्याकडे बोट केलं. "पण हे असं चालतं असं कुठे लिहिलंय?"

"चालत नाही असं कुठे लिहिलंय ते दाखवा," मी म्हटलं, आणि खुर्ची ओढून बसले. (बसता आलं! त्या पॅन्टमध्ये बसता येतं!) त्यांनी पुस्तक चाळलं. पाऊण तास. कापड, रंग, स्वच्छता, इस्त्री, सगळं होतं, आकाराबद्दल एक अक्षर नव्हतं. शेवटी पुस्तक मिटून म्हणाले, "जा. दुसऱ्या फेरीला उशीर होईल." मी दारापर्यंत गेले तेव्हा मागून हळूच आवाज आला, "तो शिंपी... पुरुषांचं पण करतो का असं?" साहेबांच्या पॅन्टचा हूक गेली चार वर्षं लागत नाही, ते कमरेच्या चामडी पट्ट्यावर भागवतात. हे फक्त तुला सांगते, आईला नको.

तेव्हापासून आठवा महिना सरून नववा लागला, रोज दोन फेऱ्या, आणि पॅन्ट जिथल्या तिथे. आता नंतरचंही मी ठरवून टाकलं आहे. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी स्पष्ट सांगितलं, बाळ बाहेर आलं की पोटही गेलं असं होत नाही, ते महिनोन्‌महिने राहतं. तेव्हा जुनी पॅन्ट अंगात शिरते का हे मी कुणाला सांगणार नाही आणि कुणी विचारायचं नाही, हे घरी कळव. पुढून उघडणारे दोन गाऊन, गडद रंगाचे (दुधाचे डाग), कापड मऊ, मोती नको, टिकल्या नकोत, पाठीमागे हूक तर नकोच नको. हेच पट्ट्याचे कपडे नंतरही घालीन. बॅग भरून दाराशी ठेवली आहे. सगळं जागच्या जागी आहे, कुणीही धावत यायची गरज नाही.

काकांना नमस्कार. गुडघ्यांना जप.

तुझी,
भाची

ता. क. कुणी धावत यायची गरज नाही ही ओळ आईला वाचून दाखवायला लिहिली आहे. तू ये. कपड्यांचं सगळं ठरवलं, कारण तेवढंच ठरवता येत होतं. बाकी कशाचा मला काही अंदाज नाही आणि मी फार घाबरले आहे. जावयांसमोर हे बोलता येत नाही, ते हसायला लागतील.

आणखी एक ता. क. हे पत्र टाकायचं राहिलं. बारा दिवस माझ्याच पिशवीत होतं (खात्याला नावं ठेवू नकोस, पिशवी माझीच). मधल्या मंगळवारी, दुसरी फेरी संपवून घरी आले आणि तिसऱ्या माणसाने वाट बघायला साफ नकार दिला. मुलगी झाली. अडीच आठवडे आधी, लहानशी आहे पण ओरडते भरपूर. बॅग दाराशीच राहिली. दवाखान्यात मला काय घातलं, कधी घातलं, कुठून उघडं होतं, काही आठवत नाही. आणि तिला तर अंगावर काहीच चालत नाही, मोजे, टोपडं, दुपटं, सगळं पायाने उडवते. आत्ता माझ्या उघड्या छातीवर झोपली आहे, वर एक पंचा आहे, तेवढाच आमचा दोघींचा पोशाख. डावा हात तिच्याखाली अडकलाय, कागद सरकतो, म्हणून अक्षर असं. मोजून मिळालेल्यातला अजून एकच आठवडा गेला आहे. ये ना गं लवकर.