बायकांनी जोडलेलं जहाज

अब्बा, तुमचं जहाज जिवंत आहे. म्हणजे तुमचं नव्हे, ते कधीच भंगारात गेलं. दुसऱ्या महायुद्धात, त्याच साच्यातून हजारोंनी काढलेल्या मालवाहू जहाजांतलं एक अमेरिकेत जपून ठेवलंय, रंग देऊन, तिकीट लावून. माणसापेक्षा लोखंडाचं नशीब बरं. परवा शुक्रवारी दुपारी, इथे आखातात, ओल्ड एअरपोर्ट वस्तीतल्या फ्लॅटमध्ये, लेक मोबाईल नाचवत आली, "मम्मा, नानाची शिप!" पडद्यावर इंजिन चालत होतं, मग जुने फोटो: डोक्याला रुमाल बांधून वेल्डिंग करणाऱ्या बायका. जहाजाचे तुकडे आधीच तयार करायचे, क्रेनने आणून ठेवायचे, बायकांनी सांधायचे. यल्ला, चला, पुढचं जहाज.

मला यात नवं काय? सुट्टीवर आलात की पडवीत तुमची हीच टेप. "बायकांनी जोडलेलं जहाज! आम्ही खलाशी आधी हसलो. पण दर्याने आपटून आपटून पाहिलं, सांधा हलला नाय." शेजारी माना डोलावतायत. मी नुकती दहावी पास, हातात चहाचा ट्रे. म्हणते, "अब्बा, मग मला आयटीआयला घाला ना, वेल्डिंगला." अख्खी पडवी हसते, सगळ्यात मोठ्याने तुम्ही. मग कपाला ओठ लावून म्हणता, "साखर कमी आहे." झाला निकाल, खलास. परक्या बायकांच्या सांध्यांवर वर्षानुवर्षं निर्धास्त घोरलात, पोटच्या पोरीच्या हाती मात्र सांडशीपलीकडे काही द्यायला तयार नव्हतात. ती जहाजं घाईत बांधलेली, काही थंड पाण्यात मधोमध तडकली म्हणतात. माझं लग्न त्याहून घाईत उरकलंत. तेही तडकलं, आखातातल्या कोमट पाण्यात. आता हमद पोर्टच्या ऑफिसात दुसऱ्यांच्या कंटेनरचे कागद सरकवते. चहा बिनसाखरेचा पिते.

"सो नाना वॉज कूल! ही वर्क्ड विथ विमेन?" लेकीने विचारलं.

"बायकांबरोबर नव्हे गं, बायकांच्या जिवावर."

"मम्मा, दॅट्स मीन. मग कसा होता नाना?"

"सांगेन, इन्शाल्ला." आमच्या घरात याचा अर्थ 'कधीच नाही', हे तिला ठाऊक आहे.

ती ट्युशनला गेली, आणि मी तो व्हिडिओ पुन्हा लावला. इंजिनाची धब्ब, सुस्स, धब्ब. हाच आवाज तुम्ही तोंडाने काढायचात, मला मांडीवर घेऊन, मी झोपेपर्यंत. तोंडाला विडीचा वास. हे तिला सांगितलं तर तुम्ही सुटाल, म्हणून सांगितलेलं नाही. आणि परवा त्या आवाजाने सोफ्यावर बसल्या बसल्या माझा डोळा लागला, हे तुम्हालाही कळवणार नाही.