तिसऱ्या खेपेआधीची टकटक

प्रिय इन्सा,

आधी माझी तक्रार नोंदवून घे, कारण विद्यापीठात ती कोणी नोंदवून घेत नाही. प्राध्यापक ओल्डेकॉप अजूनही ओल्या स्पंजाने फळा पुसतात आणि पहिल्या रांगेवर अजूनही शिंतोडे उडतात. मागे बसावं तर माझ्या चष्म्याला फळा दिसत नाही, पुढे बसावं तर चष्माच चिंब. पन्नाशीच्या बाईने संख्याशास्त्र शिकावं तरी कुठे बसून? तू शेजारी होतीस तेव्हा निम्मं पाणी तुझ्या वाट्याला जायचं. परवा मागचा एक पोरगा म्हणाला, "बाई, छत्री का नाही आणत?" म्हटलं, "अरे बाळा, मग तुला फळा दिसायचा नाही." तर म्हणतो, "दिसतोय की. कळत नाहीये, एवढंच." यावरून वर्गाची एकूण प्रकृती ओळख.

गृहपाठ जोडीनेच द्यायचा, हा नियम तसाच आहे. माझी नवी जोडीदारीण स्वभावाने गोड, पण तिला सगळं लगेच पटतं. मी काहीही खरडलं तरी "हो हो, बरोबर वाटतंय." तुझ्यासोबत वर्ष काढलेल्या माणसाला हे फार अळणी लागतं गं. कलन शिकताना तू माझा जीव खाल्लास. आलेखाची रेघ अक्षाच्या खालून वर गेली, म्हणजे मध्ये कुठेतरी तिने अक्ष ओलांडलाच असणार. शेंबड्या पोरालाही दिसतं. आणि तू सूप गार करत म्हणायचीस, "दिसतंय हो सिल्केबाई, पण का?" त्या 'का'ने मी दमून जायचे. आता त्याच्याशिवाय दमते. हे जास्त दमवणारं आहे.

कलनाच्या परीक्षेच्या दुसऱ्या खेपेला आपण एकाच बाकाच्या दोन टोकांना बसलो होतो. मी कशी सुटले ते तुला माहीत आहे. जिथे अडले तिथे "हे उघडच आहे" असं ठणकावून लिहिलं. वर्तमानपत्र बंद पडेपर्यंत त्यात विनोदी सदर लिहिलेल्या बाईला एवढा आव आणता येतोच. तू मात्र पहिल्याच प्रश्नाला हटून बसलीस. जे प्रमेय नुसतं वापरायची मुभा होती, ते आधी स्वतः सिद्ध केल्याशिवाय वापरायचं नाही म्हणे! केलंस सिद्ध, आणि वेळ संपला. मी काठावर पास, तू दुसऱ्यांदा नापास. तीनपैकी एकच खेप उरली. संध्याकाळच्या गाडीने तू घरी गेलीस ती आजतागायत.

मला सारखा तो गुरुवार आठवतो. ओल्डेकॉप फळ्यावर अडकले होते, आणि तू पुढच्या रांगेतून पुटपुटलीस, "सर, वरून तिसरी ओळ चुकलीय बहुतेक." त्यांनी खडूच तुझ्या हातात दिला. दोन फळे भरलेस. आपल्याकडे व्याख्यान संपलं की टाळ्या नाहीत, बोटांच्या पेरांनी बाकावर टकटक करायची. ओल्डेकॉप स्वतः चुकले तरी त्यांना ती मिळते. पण तू संपवलंस तेव्हा जेवणाची वेळ झाली होती, खानावळीत तळलेला मासा होता, आणि बघता बघता सभागृह रिकामं. मीही माशाच्याच मागे. मासा गार होता.

परवा घरी फोन केला तर तुझे बाबा म्हणाले, "पोरगी रोपवाटिकेत कुंड्या भरतेय. जेवते, झोपते. गणिताचं नाव तेवढं काढू नका हो." नाही काढलं. म्हणून हे पत्र. शुक्रवारी सकाळी तुझी तिसरी खेप आहे. आली नाहीस तरी नापासच धरतील, आणि मग या देशातल्या कुठल्याही विद्यापीठात तुला गणित शिकता येणार नाही. कुंड्या शनिवारीही भरता येतील. आणि इन्सा, तिसरी खेप तोंडी असते. कागद नाही, घड्याळाशी शर्यत नाही. ओल्डेकॉप टेबलापलीकडे बसून एकच विचारत राहतात: का? माझं तिथे पाच मिनिटांत दिवाळं वाजलं असतं. तुझ्याकडे 'का'शिवाय दुसरं आहे काय? परीक्षार्थीची हरकत नसेल तर ऐकायला एकाला आत बसू देतात. मी विचारून ठेवलंय. मला बाहेर ठेव हवं तर, पण ये.

आज रविवार, दुपारची शांततेची वेळ. इमारतीत खिळाही ठोकायचा नाही. तरी आत्ता पेन खाली ठेवून मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर टकटक केली, चांगली पेरं दुखेपर्यंत, त्या दोन फळ्यांसाठी. खालच्या बाईंनी झाडूच्या दांड्याने वर ठोकून दाद दिली. तेवढं राहून गेलं होतं.

तुझीच, पहिल्या रांगेतली, ओली
सिल्के