रुमालाखालचा हात

मी, अक्कम्मा कल्लप्पा बिराजदार, वय बहात्तर, धंदा खानावळ, तालुका अक्कलकोट, जिल्हा सोलापूर, स्वखुशीने लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझी भाकरी अजून थापताना फाटत नाही, हा माझा स्वतःचा दाखला.

१. राहते घर व बँकेतली शिल्लक मुलगा बसवराज आणि मुलगी चंद्रिका यांना निम्मी निम्मी.

२. दीर प्रभुलिंग यांनी लग्नासाठी म्हणून नेलेले मोठे पातेले परत केले नाही. ते त्यांना लखलाभ. आणखी काही मागू नये.

३. जनावरबाजाराच्या फाटकाजवळची आमची खानावळ, तवे-परातींसह, एकट्या चंद्रिकाची. कारण लिहिणे भाग आहे, नाहीतर मुलीने आईला भुलवले म्हणतील.

बाजारात बैलाचा सौदा तोंडाने होत नाही. व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटे धरतात. बोटांवरून भाव ठरतो आणि बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. मी जन्मभर आमटी वाढता वाढता त्या हलत्या रुमालांकडे बघत राहिले. आत काय चालले असेल, या नादात कितीदा आमटी ताटाबाहेर गेली. आमच्या मालकांना, म्हणजे नवऱ्याला, विचारले तर म्हणायचे, "बायकांनी इचारायचं न्हाय त्ये." ते वारल्यावर मी बैलांचे दलाल गुंडा यांना गाठले. ते हसले, "लई दिस पोटात ठेवलं व्हतं की, वैनी," आणि सगळे शिकवले. ते या कागदाला साक्षीदार आहेत, म्हणून त्यांच्या नावे काही लिहिता येत नाही. खानावळीत त्यांचे जेवण मात्र चालू राहील.

गेल्या दिवाळीत मी दोन्ही मुलांना एकेक करून समोर बसवले. हातावर रुमाल टाकला आणि विचारले, "माझ्यामागं खानावळ चालवशील का? तोंडानं नको, हातानं सांग." एक बोट म्हणजे एक वर्ष, हे बाजाराच्या दारात जन्मलेल्यांना काय समजवायचे? माझ्याबरोबर रोज चुलीपुढे बसणाऱ्या चंद्रिकाने पाचही बोटे आवळली. शहरात, जुळे सोलापूर भागात फ्लॅट घेतलेल्या बसवराजने एकच धरले. ज्या खानावळीवर शिकला, तिची त्याला एवढीच किंमत. मला फार लागले.

४. एवढे लिहून झाले तरी चैन पडेना. एकच का? निदान दोन का नाही? शेवटी काल त्याला फोन केला.

"कसलं वर्ष, अव्वा?" तो म्हणाला. "मला कुटं येतंय त्यातलं? चौथीनंतर बोर्डिंगात घातलंस की. तू हात पुढं केलास, मी बोट धरलं. लहानपणी गर्दीत धरायचो, तसं. खानावळ चंद्रीलाच दे."

वाटणी तीच राहील. पण कलम तीनमध्ये बसवराजविषयी जे कडू लिहिले, ते मी मागे घेते. वकील म्हणाले, खाडाखोड नको, पुन्हा टाइप करू. मी नको म्हटले. ते तसेच राहू दे, आणि त्याच्याखाली हेही राहू दे: मी वर्षे मोजत होते, तेव्हा माझ्या मुलाने माझे बोट धरले होते.

वाचून दाखवले, ऐकले, पटले, म्हणून सही.

अक्कम्मा कल्लप्पा बिराजदार
(सही कन्नडमध्ये)

साक्षीदार:
१. गुंडा बिरुदेव खांडेकर, दलाल
२. चन्नवीर गुरुबसप्पा पाटील, शेजारी

सोलापूर, १२ फेब्रुवारी २०२५