आक्काचा डबा

॥ श्री ॥
कोल्हापूर, ता. २४ ऑक्टोबर १९७४

चि. सयाजीस आक्काचे आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहोत, तिकडची खुशाली कळव.

तुझ्या लेकीचा, बायडाचा ताप उतरला. पायाच्या हाडातला पू काढलाय, आता महिनाभर रोज दोन इंजेक्शनं. सरकारी दवाखान्यात खाट फुकट, पण इंजेक्शनं दुकानातनं आणायची. मी पैसे पुढं केले तर तुझी अंबू हात मागं घेते, म्हणते घरनं येतात.

कार्डावर लिहिण्यासारखं नाही, म्हणून अंतर्देशीय घेतलं. तुझे दाजी कामावर जाता-येता दोन्ही वेळा डबा पोचवतात. चार भाकरी, कोरड्यास, भात. बायडाला दूध वेगळं. डबा चाटूनपुसून रिकामा येतो, आणि अंबूची मात्र गळ्याची हाडं दिसायला लागलीत. मग चार भाकरी जातात कुठं? तिच्या माहेरचं कोण येऊन बसतंय का, विचार तिला. मी विचारलं की पदर सावरत बसते.

माया आहेच, ती कमी करू नकोस.
तुझी आक्का


शाहूवाडी, ता. २९ ऑक्टोबर

ती. आक्कास सयाजीचा साष्टांग नमस्कार वि. वि.

भात कापणीला आलंय, मी एकटा, म्हणून येता येत न्हाय. पैशाची काळजी करू नको, दर आठवड्याला मनिऑर्डर करतोय की. अंबूच्या मागं कशाला लागतीस? डबा रिकामा आला म्हंजे खाल्ला. लहानपणी माझ्या खिशातल्या चिंचा मोजायचीस, ती खोड अजून गेली न्हाय तुझी.

दाजींना नमस्कार. लोभ असू दे.
सयाजी


कोल्हापूर, ता. ३ नोव्हेंबर

चि. सयाजीस आशीर्वाद, पण रागानं.

मनिऑर्डर म्हणे! अंबूच्या नावानं काही आलं तरी पत्ता माझाच, आणि माझ्या दारात पोस्टमन फक्त दिवाळीची पोस्त मागून गेला. काल मी दाजींच्या मागोमाग गेले आणि जिन्याखाली थांबले. दाजी वळले तशी अंबूनं डबा एका परक्या बाप्याला दिला. तो पायरीवर बसून जेवला आणि तिनं पदराच्या गाठीत काहीतरी बांधलं. चौकशी केली तर कबनूरचा यंत्रमागवाला निघाला. त्याची आई त्याच वॉर्डात आहे.

अगं बाई, मी पहाटे उठून भाकरी थापते ती कुणासाठी? चार माणसांत विचारलं तिला. रडली, पण तोंड उघडलं नाही. आता बायडाचं दूध तेवढं जाईल. तुझं खरं उत्तर येईस्तोवर डबा बंद.

आक्का


शाहूवाडी, ता. ६ नोव्हेंबर

ती. आक्का, नमस्कार.

पाया पडतो, डबा चालू कर. डबा बंद म्हंजे बायडाचं इंजेक्शन बंद.

मनिऑर्डर केलीच न्हाय. गाठीला होतं ते पहिल्या आठवड्यात संपलं, आणि भात झोडून इकल्याबिगर पैसा न्हाय. दिल्या घरच्या बहिणीकडं हात पसरायला जीव झाला न्हाय. भावानं बहिणीला द्यायचं असतंय, घ्यायचं नसतंय. डबा तेवढा घेतला. तो पावणा खानावळीत जेवायचा. म्हणून मीच अंबूला सांगितलं, डबा त्याला दे आणि त्याच पैशात इंजेक्शन आण. बायडाला दवाखान्याचं ताट मिळतंय, त्यात उरलं तर अंबू खाते. तुला सांगू नको म्हणून पोरीची शपथ घातली होती मी तिला.

तुझ्या हातचं अन्न इकलं, आक्का. भाऊबीजेला यायचं तोंड न्हाय मला.

सयाजी


कोल्हापूर, ता. ९ नोव्हेंबर

चि. सयाजीस आशीर्वाद.

गाढवा! पत्र वाचलं आणि तशीच दवाखान्यात पळाले. घाबरू नको, इंजेक्शन एकही चुकलेलं नाही. या पाच दिवसांचे पैसे कुठनं आणले ते मी अंबूला विचारलं नाही. तिच्या पायात जोडवी नव्हती. तिच्याजवळ बसून मीच रडले, आणि तीच माझे डोळे पुसायला लागली.

कालपासून डबे दोन जातात. एक पावण्याचा, त्याचे पैसे अंबूचे, म्हणजे तू बहिणीकडनं काही घेतलं असं होत नाही. दुसरा अंबूचा. तो घेऊन मी स्वतः जाते आणि शेवटचा घास पोटात जाईस्तोवर उठत नाही. खोड काही जायची नाही माझी.

भाऊबीजेला रिकाम्या हातानं ये. ओवाळणी भात विकल्यावर दे, जोडव्यांची. माप मात्र अंबूच्या पायाचं असू दे.

वाट बघणारी,
आक्का