मागच्या गाडीत

इंद्रपुरी, भोपाळ
मंगळवार

प्रिय मनोरमा,

'प्रिय' लिहिलं आणि जरा थांबले. इतक्या वर्षांत तुला लिहिताना दुसरं काही लिहिलं नाही, आता या वयात नवा शब्द कुठून आणू? तू फोन उचलत नाहीस. मेसेजवर निळ्या खुणा येतात आणि पुढे काहीच नाही. म्हणून कागद घेतला. आमच्याकडे स्वयंपाकाला येणारी सुप्रिया तुमच्या आनंद नगरातच राहते, तिच्या हाती पाठवते आहे. दारात ठेवून येऊ नकोस, काकूंच्या हातातच दे, असं तिला बजावलंय.

परवा तुझ्या स्टेटसवरचे फोटो पाहिले. कठौतियाकडची वाट, दोन्ही बाजूंना पळस पेटलेला, आणि मधे तू, ती माझ्याबरोबर न्यू मार्केटला घेतलेली निळी टोपी घालून. खाली लिहिलंयस, 'आसान रास्ता, हर उम्र के लिए.' मी तो फोटो मोठा करून करून बघितला. तुझा डावा हात जितेंद्रजींच्या बायकोच्या खांद्यावर आहे. लोकांना वाटेल प्रेमाने ठेवलाय. मला ठाऊक आहे, उतार आला की तुला आधार लागतो. पूर्वी तो खांदा माझा असायचा.

हे गेले त्या वर्षी मी घराबाहेर पडत नव्हते. तू एका रविवारी सकाळी येऊन उभी राहिलीस आणि म्हणालीस, "सुमन, चप्पल काढ, बूट घाल. गोपीनाथरावांना तू अशी बसलेली आवडली नसतीस." दोघींनी कारखान्याच्या क्वार्टरमध्ये नव्या नवरी म्हणून शेजारी शेजारी संसार मांडला होता, तू नागपूरची, मी अकोल्याची, तेव्हापासून तुझं असं हुकूम सोडणं मला सवयीचं होतं. त्या दिवशी तू मला केरवा धरणाच्या पलीकडे नेलंस. साधी बैलगाडीची वाट होती, चढ म्हणावा असा नाहीच. सागाची वाळलेली पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती, आणि त्या आवाजाने मला काय झालं कोण जाणे, मी रडायला लागले. तू नुसती शेजारून चालत राहिलीस. मनू, तेवढ्यासाठी मी तुला जन्मभर काहीही माफ केलं असतं. खरंच केलं असतं.

मग जितेंद्रजींची रविवारची मंडळी जमली. सगळे साठीच्या पुढचे, सगळ्यांच्या पिशवीत थर्मास आणि गोळ्या. महादेवपानी, समर्धा, भीमबेटकाच्या मागच्या पायवाटा. "बिल्कुल आसान है, आंटीजी लोग," हे जितेंद्रजींचं ठरलेलं वाक्य. ओढ्याकाठच्या सावलीत पोहे खायचे, कुणीतरी जुनी गाणी म्हणायचं. आठवडाभर मी त्या एका सकाळवर जगायचे. गेल्या पावसाळ्यापासून माझा गुडघा कुरकुरायला लागला आणि मंडळी पुढे जाऊन माझी वाट बघत उभी राहायला लागली. आधी हसून, मग घड्याळ बघत. तू मात्र माझ्याबरोबर मागे चालायचीस. मला वाटायचं, माझ्यासाठी. आता दिवसभर एकटी बसून विचार करते तेव्हा कळतं, तुझाही गुडघा गेलाच होता. मी हळू चालत होते म्हणून तुझं हळू चालणं कुणाला दिसत नव्हतं.

संक्रांतीनंतरच्या त्या रविवारी टेकडीच्या पायथ्याशी देवीचा चबुतरा आला आणि तूच म्हणालीस, "तू इथे उन्हात बस सुमन, आम्ही वर जाऊन येतो. तुझी पिशवी गाडीतच राहू दे, कशाला ओझं?" मी बसले. पिशवीत फोन होता, पाणी होतं. ऊन छान होतं, समोर हरभऱ्याचं शेत होतं, मी खुशीत होते गं. मग ऊन डोक्यावर आलं. मग ते कललं. तुमचे आवाज ऐकू येतील म्हणून मी टेकडीकडे कान लावून बसले होते आणि तुम्ही तर पलीकडच्या अंगाने उतरून, गाड्या तिकडेच मागवून, निघूनही गेला होतात. हे मला शेतातल्या रामकलीने सांगितलं. ती दोनदा माझ्या समोरून गेली होती, तिसऱ्यांदा थांबली आणि म्हणाली, "अम्मा, आपके लोग तो कब के चले गए." मी तिला म्हटलं, "नहीं नहीं, मेरी सहेली है उनके साथ." त्या बाईने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी विसरू शकत नाही. तिने घरी नेऊन चहा दिला. तिच्या नवऱ्याने मला मोटारसायकलवर मागे बसवून मोठ्या रस्त्यावर बसमध्ये चढवून दिलं. या वयात, तो गुडघा घेऊन, परक्या माणसाच्या कमरेला धरून मी त्या खडकाळ रस्त्याने आले. घाबरले नव्हते. लाज वाटत होती. कुणीतरी विसरून ठेवलेली वस्तू परत पोचवावी तशी मी घरी येत होते.

त्या संध्याकाळी माझी पिशवी कुणाच्या तरी हाती घरी पोचली आणि पाठोपाठ तुझा फोन आला, तेव्हा तू रडत होतीस. तुझे शब्द मला जसेच्या तसे आठवतात. "सुमन, जितेंद्रजींनी विचारलं, सुमनजी कुठे आहेत, आणि मी म्हणाले, मागच्या गाडीत. मला वाटलं बसली असशील. मी वळून पाहिलंच नाही गं." मी तुला म्हटलं, असू दे, होतं असं. मनापासून म्हटलं. विषय तिथे संपला असता.

पण दुसऱ्या दिवशी निनादने तुला फोन केला. माझा मुलगा रागावला होता, आवाज चढवून बोलला, मला ठाऊक आहे, मी शेजारच्या खोलीत होते. "काकू, तुम्ही माझ्या आईला जंगलात सोडून आलात?" मग तो बराच वेळ ऐकत राहिला. फोन ठेवून बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा अगदी मऊ झाला होता. लहान मुलाशी बोलावं तसं म्हणाला, "आई, तू गाडीपर्यंत आली होतीस ना त्यांच्याबरोबर? मग उठून कुठे गेलीस?" तू त्याला सांगितलंस, मी येऊन गाडीत बसले होते आणि कुणाचं लक्ष नसताना उतरून भटकत गेले. सांगितलंस, "सुमन हल्ली विसरते रे. आम्ही सांभाळून घेतो, पण तू लक्ष दे." मी ओरडून सांगितलं, हे खोटं आहे. मी जितकी ओरडले तितका तो मऊ होत गेला.

त्यानंतरचं तुला माहीत नाही, म्हणून सांगते. आधी स्कूटीची किल्ली गेली. मग स्वरदाने गॅसचं बटण काढून ठेवायला सुरुवात केली. सून वाईट नाही माझी, घाबरलेली आहे. नळ चालू राहिला, की दोघं एकमेकांकडे बघतात. सुप्रियाला चुकून जुन्या बाईच्या नावाने हाक मारली, तर निनाद ते डॉक्टरांना सांगायला लक्षात ठेवतो. मेंदूच्या डॉक्टरांकडेही नेलं. त्यांनी मला वार विचारला, उलटे आकडे म्हणायला लावले, घड्याळ काढायला सांगितलं, आणि म्हणाले, "अभी तो सब ठीक है." निनादने त्यातला 'अभी' तेवढा ऐकला. दोघं ऑफिसला जातात तेव्हा बाहेरून कुलूप असतं. सुप्रिया तिच्याकडच्या किल्लीने येते आणि जाताना, खाली मान घालून, पुन्हा लावते. मी खिडकीतून तिला म्हणते, राहू दे गं, तुझी काय चूक.

तू दुष्ट नाहीस, मनू. तू घाबरलीस. मंडळींनी तुला बोल लावला असता, तुझं नाव ग्रुपमधून गेलं असतं, आणि ज्यांच्या पायाला जोर नाही त्यांच्यात तूही मोजली गेली असतीस. ते टाळण्यासाठी तुला एक माणूस बळी द्यावं लागलं, आणि हाताशी मी होते. एवढं मला कळतं. कळून काही कमी होत नाही.

हे पत्र मी भांडायला लिहिलेलं नाही. शनिवारी निनाद मला नागपूरला नेतो आहे. तिथे एक संस्था आहे, विसरणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना ठेवून घेणारी. बाग आहे म्हणे, आणि बागेला उंच भिंत. तो फोटो दाखवताना रडला, म्हणून मी त्याला काही बोलू शकले नाही. माझ्या म्हणण्याला आता या घरात वजन नाही. तुझ्या आहे, ते तूच करून ठेवलंयस. गुरुवारी संध्याकाळी तो लवकर घरी येतो. त्या वेळी ये, त्याच्यासमोर बस आणि सांग, मी खोटं बोलले. कारणं देऊ नकोस. माझ्याकडे बघून रडू नकोस. स्वरदा चहा ठेवेल, तो घ्यायला थांबू नकोस, कारण मी तुला थांब म्हणणार नाही आणि दारापर्यंत पोचवायलाही येणार नाही. तू आलीस तरी आपली मैत्री परत येणार नाही, हे आधीच सांगते, म्हणजे त्या आशेने येऊ नकोस. नुसती ये.

अजून तरी तुझीच म्हणावी लागणारी,
सुमन