पावशा नक्की काय म्हणतो

बेटेगाव, चैत्र वद्य पंचमी

तीर्थस्वरूप रामनाथभाऊंच्या पायांशी एकनाथाचा नमस्कार पोचावा. मारुतीरायाच्या दयेने इकडे सर्व ठीक. माझी मान तेवढी दुखते, त्याचे कारण पुढे येईलच. तुमची वाडी, वहिनींचे गुडघे, सर्व कसे आहे ते कळवावे. तुमची बहीणही बरी असेल. (तिला वाचता येत नाही आणि तुम्ही हे ओसरीवर बसून मोठ्याने वाचणार. म्हणून तिच्या कानी जाऊ नये ते कंसात घालतो. कंस आला की नुसता घसा खाकरावा.)

गेल्या वैशाखात ती तिकडे निघून आली, त्याला कारण एक पाखरू आहे. टेकडीवरच्या मारुतीपुढे दिवा लावून आम्ही दोघे पायरीवर बसलो होतो, आणि पावशा बोलला. मी म्हटले, बघ, ‘पेरते व्हा’ म्हणतोय. ती म्हणाली, छे, आमच्या एडवणात तो ‘माहेरा जा’ म्हणतो. मी हसलो. हसायला नको होते, कारण ती पुढे म्हणाली की तीन वर्षे तो तेच सांगतोय, आणि तुम्ही तिन्ही वर्षे पेरत बसलात. यावर माझ्या तोंडून गेले, "मग पाखराचंच ऐक." तिने ऐकले. (इतक्या वर्षांच्या संसारात माझा शब्द तिने एवढ्या तातडीने कधी पाळला नव्हता.)

कोण खरे ते ठरवावे म्हणून मी रोज टेकडीवर जाऊ लागलो. पण आषाढ सरता सरता पावशाच गप्प झाला, आणि मला वर पाहायची खोड लागली. श्रावणात नवरंग दिसला. अंगावर इतके रंग की देवाने उरलेसुरले सगळे त्याच्यावरच पुसले असावेत. त्याच्या मागे जाताना पाय घसरला, मी चिखलात बसलो आणि एक चप्पल ओहोळातून थेट गोमाच्या भातात गेली. (गोमा म्हणजे टेकडीच्या पलीकडचा शेतकरी, त्याचा उल्लेख चांगला आहे, हवा तर वाचावा.) भाद्रपदात शिंदीवर सुगरणीची घरटी. आपण जन्मभर ‘सुगरण’ म्हणत आलो, आणि विणणारा निघाला गडी. तो बिचारा अर्धे घरटे विणतो, मादी येते, आत डोकावते, नापसंत पडले की निघून जाते. तो मुकाट्याने दुसरे मांडतो. ते पाहून मी घरी आलो आणि चुलीवर गळणारी कौले शाकारली. (ती दोन वर्षे सांगत होती.) कार्तिकात धोबी पक्षी आला. देवळाच्या पायरीवर एकटाच शेपूट हलवत फिरे. त्याला भात घातला, तर शिवेना; तो किडे खातो म्हणे. (भात रोज उरतो. हात अजून दोघांचेच तांदूळ घेतो.)

माघात काटेसावर फुलली, तिच्यावर मैना, कोतवाल, भोरड्या यांचा असा बाजार भरला की मी दुपारभर मान वर करून बसे. ते गोमाने पाहिले आणि गावभर केले की एकनाथाला झाडाने धरलेय. मग भगत घेऊनच आला. भगताने सुपात तांदूळ टाकले, बराच वेळ पुटपुटला आणि निदान केले की याच्या अंगात काही नाही, घरातच कोणी नाही. माझा नारळ घेऊन तो गेला. गोमा मात्र बसून राहिला. म्हणाला, "घरात बाय नाय म्हनून पाखरांशी बोलतंस. पाखरू काय भाकर थापील? जा, आन तिला." मी म्हटले, ती येणार नाही. तर म्हणतो, "तू इचारलंस कदी?"



काल पावशा पुन्हा बोलू लागला. मी डोळे मिटून ऐकले. पेरते व्हा म्हणावे तर तसे वाटते, माहेरा जा म्हणावे तर तसेही. तेव्हा तुमची बहीण म्हणते ते मला मान्य आहे, आणि हे मोठ्याने वाचावे.

आपला नम्र,
एकनाथ

ता. क. मात्र एक अडचण तिला समजावून सांगावी. जी बाई आधीच माहेरी बसली आहे, तिला पाखरू ‘माहेरा जा’ कसे सांगेल? ते ऐकायला तरी बेटेगावात यायला हवे. पाखराने सांगितल्याबरोबर मी स्वतः तिला माहेरी आणून सोडीन, दरवर्षी, पेरणीच्या आधी.

आणखी एक. हे पत्र टपालात टाकणार होतो, पण उत्तराची वाट पाहवेना. पहाटेच्या गाडीने सफाळ्याला उतरलो आणि एडवण गाठले. ही ओळ तुमच्याच वाडीत बसून पेन्सिलीने लिहितो आहे. पत्र मागल्या दारी वहिनींच्या हाती देऊन मी विहिरीपाशी थांबतो. वाचून झाले की तिला एवढेच विचारा, पाण्याचा तांब्या घेऊन ती येते की तुम्ही.