कढई आणि नळी ११७

३ मार्च
दादा आज पुन्हा तेच म्हणाला. बाबांसमोर, वहिनीसमोर, तोंड वर करून — "तुझ्याकडच्या तेलकट खाण्यानंच आईच्या पित्ताशयात कॅन्सर झाला." आई शेवटची दोन वर्षं माझ्याकडे होती. हा महिन्यातून एकदा यायचा, चहा पिऊन जायचा. जिभेला काही हाड! बाबा खाली मान घालून पेपर वाचत बसले. त्यांचाही राग आला.

९ मार्च
आमच्या लॅबमध्ये पित्ताशयाच्या कॅन्सरच्या रुग्णांचं आणि निरोगी माणसांचं रक्त ताडून बघतात — जनुकातला कुठला बदल रुग्णांत जास्त सापडतो ते. आईच्या रक्ताचीही नळी आहे, ४१ नंबरची. निरोगी माणसं कमी पडताहेत. मॅडम म्हणाल्या, "आपापल्या ओळखीची आणा."

रक्त देणाऱ्याला साखर फुकट तपासून मिळते हे कळल्यावर दादा धावत आला. फॉर्मवर 'घरात कुणाला हा कॅन्सर होता का?' याच्यापुढे त्यानं 'नाही' लिहिलं. "तो घरातला नव्हे, तुझ्या कढईतला," म्हणाला.

रुग्णाचा सख्खा मुलगा निरोगींच्या यादीत चालत नाही. फॉर्म फाडायला हवा होता. गप्प बसले आणि सुई टोचली. मला त्याचं रक्त हवं होतं.

१० मार्च
त्याच्या नळीचा नंबर ११७. दिवसभर तोच डोक्यात.

२४ मार्च
निकाल आले. ४१ मध्ये रुग्णांत जास्त सापडणारा तो बदल आहे. ११७ मध्येही तोच! कढईत नाही, रक्तात!

मॅडम नेहमी सांगतात, "बदल असला म्हणजे आजार होतोच असं नाही, धोका थोडा वाढतो." वाढू दे. निकाल बाहेर सांगायचा नाही असा नियम आहे. खड्ड्यात गेला नियम. रविवारी त्याला जेवायला बोलावलंय. बाबांसमोर कागद ठेवणार, मग बघू कुठलं तेल काढतो.

माझं स्वतःचं रक्त मी तपासलेलं नाही. हिंमत होत नाही.

२८ मार्च
दादाचा फोन. रविवारी यायला जमणार नाही म्हणाला. दोन-तीन महिने झाले, उजव्या बरगडीखाली दुखतंय, जेवण जात नाही. वहिनीलाही सांगितलेलं नाही. "तेल कधीच बंद केलंय गं मी," म्हणाला, "तरी दुखतंय."